मेन स्विच एकदा खरंच पाडून बघा : सार्वजनिक इमारती चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक इमारतींचे मालक, विश्वस्त, प्रशासक, देखभाल अधिकारी, आणि या इमारतींना परवाने देणारे सर्व

स.न.वि.वि.

मी विजेच्या कामातला माणूस आहे. मोठ्या इमारतींमधली पॅनेलं, जनरेटर आणि आणीबाणीचे दिवे तपासणं हे माझं अनेक वर्षांचं काम. तुमच्यापैकी काहींच्या इमारतींत मी येऊन गेलो असेन, सहीशिक्क्याचा अहवाल दिला असेल आणि तो फाइलला लागलाही असेल. अहवालाच्या रकान्यांत जे मावत नाही ते सांगायला हे पत्र लिहितो आहे.

माझी मागणी एकच आहे. ती आधीच सांगतो. वर्षातून एकदा, तारीख ठरवून, इमारतीचा मेन स्विच खरोखर पाडा. ठरलेला पूर्ण वेळ तो पडलेलाच ठेवा. त्या वेळात मजल्यामजल्यावर चालत फिरा आणि जे दिसेल ते, चांगलं असो वा वाईट, इमारतीच्या दर्शनी दारावर लावा.

एका सभागृहातला अनुभव सांगतो. जिन्याच्या वळणावर आणीबाणीचा दिवा बसवलेला होता. चार्जिंगचा हिरवा ठिपका व्यवस्थित पेटलेला होता आणि आधीच्या दोन वर्षांच्या अहवालांत त्या दिव्यापुढे 'कार्यरत' असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, फक्त जिन्याचा एमसीबी, म्हणजे त्या सर्किटची वीज तोडणारा छोटा ब्रेकर, पाडू या. पाडला. जिना काळोखात बुडाला आणि तो दिवा तसाच हिरवा ठिपका दाखवत राहिला. तो लागलाच नाही.

कारण साधं होतं. त्या दिव्याला वीज जिन्याच्या सर्किटवरून दिलेलीच नव्हती. शेजारच्या कार्यालयाची वायर जवळ पडली म्हणून तिथून जोडणी घेतली होती. कार्यालयात वीज होती, त्यामुळे दिव्याच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. आपल्यासमोरचा जिना काळोखात गेला आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता. आणीबाणीच्या दिव्याला वीज कुठून द्यायची याचा नियम जुना आणि सोपा आहे: ज्या जागेत तो उजेड देणार, त्याच जागेच्या नेहमीच्या दिव्यांच्या सर्किटवरून. कारण सगळी इमारत एकदम काळोखात जाणं क्वचित घडतं. एका मजल्याचा, एका जिन्याचा ब्रेकर उडणं रोजचं आहे. धूर झालेल्या मजल्यावर तर वायरिंग जळून नेमकं हेच घडतं.

मग आम्ही मेन पाडला. आता दिवे लागले. अकराव्या मिनिटाला ते पिवळे पडले आणि थोड्या वेळात विझले. बॅटऱ्या बसवल्यापासून कुणी बदलल्याच नव्हत्या. दोन्ही दोष दोन वर्षं तिथेच होते. हिरव्या ठिपक्याकडे बघून खूण करणाऱ्याला ते दिसणं शक्य नव्हतं, आणि त्या खुणा करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांना तेवढंच सांगितलं होतं.

कुठल्याही इमारतीत हा विषय काढला की पहिलं उत्तर येतं, "आमच्याकडे जनरेटर आहे." हे उत्तर मला सगळ्यांत जास्त काळजीत टाकतं. आणीबाणीचा उजेड आणि पर्यायी वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीमुळे दुसरीची गरज संपत नाही. वीज गेली हे ओळखायला, इंजिन सुरू व्हायला, व्होल्टेज स्थिर व्हायला आणि चेंजओव्हर (म्हणजे इमारतीची जोडणी जनरेटरवर जाणं) व्हायला उत्तम जनरेटरलाही काही सेकंद लागतात. जीवितरक्षणाच्या यंत्रणेसाठी अमेरिकेची मानकं यावर दहा सेकंदांची मर्यादा घालतात. दहा सेकंद म्हणजे काहीच नाही असं कागदावर वाटतं. पण जिना उतरणारा माणूस तेवढ्या वेळात पंधरा-वीस पायऱ्या उतरतो, आणि त्याच्या मागून येणारे थांबत नाहीत. म्हणून ज्या जागी पाऊल चुकलं तर जीवावर बेतेल, तिथे स्वतःची बॅटरी असलेला किंवा मध्यवर्ती बॅटरीवरचा दिवाच हवा. जनरेटर त्याच्यानंतर येतो, आणि आला नाही तरी दिवा ठरलेला वेळ टिकायला हवा.

हा ठरलेला वेळ किती? अमेरिकेच्या जीवितसुरक्षा संहितेत तो दीड तास आहे. युरोपीय मानकात किमान एक तास. ब्रिटनमध्ये, लोक जिथे झोपतात किंवा जिथून ताबडतोब बाहेर काढणं शक्य नसतं अशा जागी सहसा तीन तास धरतात. पंधरा मिनिटांत इमारत रिकामी होते, मग दीड तास कशाला, असं मला अनेकांनी विचारलं आहे. ज्यांना जिना उतरता येत नाही ती माणसं मदतीची वाट पाहत थांबलेली असतात, हे एक कारण. अग्निशमन दलाचे जवान नंतर आत शिरतात, हे दुसरं. आणि पंधरा मिनिटांचा तो अंदाज उजेडातल्या कवायतीवरून काढलेला असतो.

उजेड किती हवा याचे आकडेही फार मोठे नाहीत. बाहेर पडायच्या वाटेच्या मध्यरेषेवर, जमिनीलगत, किमान एक लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक) असं युरोपीय मानक सांगतं. अमेरिकेत सुरुवातीला सरासरी सुमारे ११ लक्स आणि कुठल्याही बिंदूवर किमान १.१ लक्स लागतात. पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्यात जमिनीवर जेमतेम पाव लक्स पडतो, म्हणजे एक लक्स हा त्याच्या चौपट. माणूस तेवढ्यात चालू शकतो, पायरी ओळखू शकतो. पण कार्यालयातल्या तीनशे-चारशे लक्सच्या उजेडातून एकदम शून्यावर आलेला डोळा आंधळाच असतो. काळोखाला पूर्ण सरावायला त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात, उतारवयात त्याहूनही जास्त. दुसरी गोष्ट अशी, की दोन प्रखर दिव्यांच्या मधला काळा पट्टा एकसारख्या मंद उजेडापेक्षा वाईट. म्हणूनच वाटेवरचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उजेड यांचं प्रमाण ४० : १ च्या पुढे जाऊ नये, असं दोन्हीकडचे नियम सांगतात. 'एवढ्या चौरस मीटरला एक दिवा' अशा हिशेबाने बसवलेल्या पॅसेजमध्ये मी लक्समीटर घेऊन चाललो आहे. दिव्याखाली आकडा उत्तम, आणि जिथे दोन पायऱ्यांचा उतार आहे तिथे शून्य.

हे नियम कुणी टेबलाशी बसून कल्पनेने केलेले नाहीत. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरमध्ये आग लागली. तेव्हा दिवे गॅसचे होते. स्फोट होऊ नये म्हणून गॅस बंद केला गेला आणि आतले जिने, पॅसेज एका क्षणात काळोखात गेले. आणीबाणीसाठी तेलाचे दिवे ठेवायची व्यवस्था होती, पण त्या संध्याकाळी ते पेटलेले नव्हते. दारं आत उघडणारी होती. मृतांचा अधिकृत आकडा ३८४. या घटनेतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तिथे आणीबाणीच्या दिव्यांची तरतूद नव्हती असं नाही. ती होती. फक्त ते दिवे त्या दिवशी उजेड देणार आहेत का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

पुढे २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबमध्ये आग पसरत असतानाच दिवे गेले. शेकडो माणसं ओळखीच्या एकाच फिरत्या दाराकडे धावली आणि ४९२ जणांचा जीव गेला. माणूस ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे परत जातो. दुसरं दार त्याला उजेडात दाखवावं लागतं. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जण गेले. तिथेही तेच सगळं एकत्र आलं होतं : ट्रान्सफॉर्मरमधून सुरू झालेली आग, धूर, काळोख, जादा खुर्च्यांनी अडवलेली बाल्कनीतली वाट आणि आणीबाणीच्या वेळी न लागलेले दिवे. व्हिएन्नापासून दिल्लीपर्यंत एकशे सोळा वर्षं झाली होती.

उलट बाजूचं उदाहरणही आहे, आणि ते मला धीर देतं. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला. नेहमीची वीज गेली. जनरेटरना थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाहिन्या तुटल्या आणि काही वेळात तेही बंद पडले. हजारो माणसं धुराने भरलेल्या काळ्याकुट्ट जिन्यांतून तासन् तास चाचपडत उतरली. त्यानंतर तिथे जिन्यांत बॅटरीचे दिवे बसले आणि पायऱ्यांच्या कडांना, कठड्यांना अंधारात चमकणाऱ्या रंगाचे पट्टे मारले गेले. २००१ च्या हल्ल्यातून बाहेर पडलेल्या अनेकांनी त्या पट्ट्यांनी आणि दिव्यांनी वाट दाखवल्याचं चौकशीत सांगितलं. २००४ मध्ये न्यूयॉर्क शहराने उंच कार्यालयीन इमारतींना असे पट्टे सक्तीचे केले. अशा पट्ट्याला वीज लागत नाही आणि बॅटरीही लागत नाही. शिवाय तो जमिनीलगत असतो आणि धूर वरून खाली येतो, त्यामुळे छताजवळचा बोर्ड दिसेनासा झाल्यावरही तो बराच वेळ दिसत राहतो.

एक्झिटच्या बोर्डांबद्दल थोडक्यात लिहितो. पळणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र जपानी चित्रसंकल्पक युकिओ ओटा यांच्या कामातून आलं आणि आज ते आंतरराष्ट्रीय मानकात आहे. अक्षरओळख नसलेल्यालाही ते कळतं, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. आतून उजळलेला बोर्ड त्याच्या उंचीच्या साधारण दोनशे पट अंतरावरून वाचता येतो, बाहेरून उजेड पाडलेला शंभर पट. म्हणजे १५ सेंटिमीटरचा आतून उजळलेला बोर्ड ३० मीटरवरून. त्याच्यापुढे कापडी फलक, कमान किंवा कुंडी आली की हा हिशेब शून्य होतो. फेरी मारताना फक्त एवढं पाहा, की कुठेही उभं राहिलं तरी एक तरी बोर्ड दिसतो का.

आता विसरल्या जाणाऱ्या जागा. स्वच्छतागृहं, विशेषतः अपंगांसाठीची. लिफ्टची पेटी. बाहेर पडल्यावरची पहिली पायरी, कारण दारापर्यंत उजेड आणि दाराबाहेर खड्डा असं मी बरेचदा पाहिलं आहे. अग्निशामक नळकांड्याची आणि अलार्मच्या बटणाची जागा. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने जिथे थांबून मदतीची वाट पाहायची ती जागा, आणि तिथला मदत मागायचा फोन. शेवटी जनरेटरची आणि मुख्य पॅनेलची खोली. आमच्या भाषेत दिव्याखाली अंधार म्हणतात, तो या खोलीत अक्षरशः असतो. जनरेटर चालू झाला नाही तर वायरमन धावत तिथे येतो आणि मोबाइलचा टॉर्च दातांत धरून, चारशे व्होल्टच्या पॅनेलसमोर, हाताने चेंजओव्हर करायला लागतो. मी स्वतः ते केलेलं आहे. त्या खोलीत स्वतःच्या बॅटरीचा चांगला प्रखर दिवा लावणं हे साऱ्या इमारतीतलं सर्वांत स्वस्त काम असावं.

दारांचंही एक सांगायला हवं. कार्ड दाखवून उघडणारी, चुंबकी कुलपांची दारं आता सगळीकडे आहेत. बाहेर पडायच्या वाटेवरचं असं दार वीज गेल्यावर आणि अलार्म वाजल्यावर आपोआप सुटलंच पाहिजे. त्या कुलपाला वेगळी बॅटरी दिलेली असेल तर अलार्मशी त्याचा संबंध जोडलेला आहे का, ते हाताने दार ढकलून पाहा. नकाशावर पाहून ते कळत नाही.

जनरेटरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त पैसा आणि सगळ्यांत जास्त भाबडा विश्वास तिथेच गुंतलेला असतो.

जनरेटर ऐन वेळी सुरू न होण्याचं नेहमीचं कारण इंजिन नसतं. ते सुरू करणारी बॅटरी मेलेली असते. तिचा चार्जर बंद पडलेला असतो किंवा टर्मिनलवर बुरशीसारखा पांढरा थर चढलेला असतो. दुसरं कारण याहून साधं : मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी कारागिराने सिलेक्टर 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर किंवा 'ऑफ'वर नेला आणि तो तसाच राहिला. काम करताना तो बंद ठेवायलाच हवा, नाहीतर हात अडकायचा. पण परत ऑटोवर आणल्याची खूण घेणारा दुसरा माणूस हवा. तो बहुतेक ठिकाणी नसतो.

तिसरं कारण डिझेल. टाकीत पडून राहिलेलं डिझेल कायम ताजं राहत नाही. महिन्यांमागून महिने गेले की त्यात ओल धरते, पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात, गाळ होतो आणि ऐन भरात फिल्टर तुंबतो. वर्षात दोनदा दहा मिनिटं चालणाऱ्या जनरेटरमध्ये ते डिझेल संपणार तरी कधी? आणि ही दहा मिनिटंसुद्धा बहुतेक ठिकाणी विनाभार, म्हणजे जनरेटरवर काहीच न जोडता, असतात. बटण दाबायचं, धूर आला, आवाज आला, बंद केलं, रजिस्टरला सही. डिझेल इंजिन असं भाराविना किंवा अगदी कमी भारावर वारंवार चालवलं तर पूर्ण तापत नाही. अर्धवट जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साठत जाते. म्हणून अमेरिकेच्या मानकात महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटं आणि क्षमतेच्या किमान ३० टक्के भारावर चालवा, असं म्हटलं आहे. शिवाय बटण दाबून केलेल्या चाचणीत सर्वांत नाजूक दुवा तपासलाच जात नाही. वीज गेली हे ओळखून भार जनरेटरवर टाकणारा स्वयंचलित चेंजओव्हर मेन पाडल्याशिवाय कामाला लागत नाही. एका रुग्णालयात मी जनरेटर झकास धडधडताना ऐकला आहे, आणि वरचे तिन्ही मजले काळोखात पाहिले आहेत. वीज तयार होत होती, पण चेंजओव्हर जागचा हललाच नव्हता.

चौथं कारण भार. जनरेटर घेतला तेव्हा हिशेब बरोबर केलेला असतो : आणीबाणीचे दिवे, अलार्म, उद्घोषणा यंत्रणा, धूर बाहेर टाकणारे पंखे, आगीचा पंप, अग्निशमन दलाची लिफ्ट. मग एका उन्हाळ्यात कुणाचा तरी एसी त्यावर येतो. पुढच्या वर्षी सर्व्हर रूम येते, मग कॅन्टीन. हे सगळं चांगल्या हेतूने होतं. पण एक दिवस सगळं एकदम चालू होतं, ब्रेकर उडतो, आणि एसीबरोबर आगीचा पंपही बंद पडतो. जीवितरक्षणाचा भार वेगळ्या पॅनेलवर, वेगळ्या ब्रेकरखाली, आगीत टिकणाऱ्या केबलने, वेगळ्या वाटेने न्यावा लागतो तो यासाठी. सोयीची वीज आणि जिवाची वीज एका वायरवर नको. पंपाची केबल ज्या खोलीला आग लागेल त्याच खोलीतून जात असेल तर जनरेटरला अर्थ नाही.

जागेचा प्रश्न वेगळाच आहे. जड, आवाज करणारा, डिझेलचा वास येणारा जनरेटर कुणाला नजरेसमोर नको असतो, म्हणून तो तळघरात जातो. आणि पाणी सगळ्यांत आधी तळघरात जातं. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कमध्ये शिरलं तेव्हा एनवाययू लँगोन रुग्णालयाची पर्यायी वीज बंद पडली. तीनशेहून अधिक रुग्ण, त्यांत नवजात अतिदक्षता विभागातली बाळं, टॉर्चच्या उजेडात जिन्यांवरून खाली आणावी लागली. जवळच्याच बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात होते. पंप बुडाले. मग माणसांनी रांग करून तेरा मजले हातांनी डिझेल चढवलं. त्या माणसांचं मोल शब्दांत सांगता येणार नाही. पण इमारतीची व्यवस्था त्यांच्या खांद्यांवर टाकायची नव्हती. टाकी, पंप, पॅनेल, चेंजओव्हर, जनरेटर ही एकच साखळी आहे. तिच्यातली सगळ्यांत खाली असलेली वस्तू जिथे बुडते, तिथे सगळी व्यवस्था बुडते.

डिझेल किती तास पुरेल हेही एकदा लिहून काढा, पूर्ण टाकीचं नव्हे तर आज टाकीत जेवढं आहे तेवढ्याचं. संपलं की पुरवठादाराला फोन करू, असं म्हणताना हे लक्षात असू द्या की मोठा वीजखंड झाला तर त्याला सगळेच फोन करणार. ३१ जुलै २०१२ रोजी भारतात ग्रिड कोसळलं तेव्हा साठ कोटींहून अधिक लोकांच्या भागातली वीज गेली होती.

बॅटऱ्यांचं गणित तर अजून सोपं आहे आणि तरीही सगळीकडे चुकतं. शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंशांसाठी सांगितलेलं असतं. त्याच्या वर दर दहा अंशांना ते अंदाजे निम्मं होतं. फॉल्स सीलिंगच्या वर, तापलेल्या छताखाली बसवलेल्या दिव्याच्या बॅटरीला पाच वर्षांची हमी धरून बसू नका. बसवल्याची तारीख प्रत्येक दिव्यावर मार्करने लिहा. हल्ली स्वतःची चाचणी स्वतः करून दोष दाखवणारे दिवे मिळतात आणि ते चांगले आहेत, पण त्यांचा लाल ठिपका पाहायला कुणीतरी लागतंच.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या इमारती बांधल्या तेव्हा नियमात होत्या, हे मला मान्य आहे. बिघाड नंतर होतो. हॉलमध्ये पार्टिशन घातलं, एका खोलीच्या तीन खोल्या झाल्या, आणीबाणीचा दिवा त्यांतल्या एकीत राहिला. जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवले तेव्हा काही ट्यूबच्या फिटिंगमध्ये बॅटरीचा संच होता हे कंत्राटदाराला कुणी सांगितलं नाही, आणि तो भंगारात गेला. रंगकाम करताना दिवा उतरवला आणि परत लावताना वायर भलत्याच जागी जोडली. यांतला एकही बदल परवान्याच्या कागदावर दिसत नाही.

म्हणून परवाने देणाऱ्यांना माझं वेगळं सांगणं आहे. तुमच्या तपासणीच्या अर्जात दिव्यांची संख्या विचारलेली असते. जनरेटरची क्षमता विचारलेली असते. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा : मेन कधी पाडला, दिवे किती मिनिटं टिकले, आणि जनरेटरने भार किती सेकंदांत घेतला. या तीन आकड्यांसाठी कुणाला तरी प्रत्यक्ष उभं राहावंच लागतं.

मेन पाडायला लोक घाबरतात. ती भीती मी समजू शकतो. काही बिघडलं तर जबाबदार कोण? रुग्णालयात तर हा विचारही नको वाटतो. पण वीज तुमची परवानगी घेऊन जात नाही. ती जायचीच असेल तर मंगळवारी सकाळी अकरा वाजता जाऊ दे. त्या वेळी दोन वायरमन पॅनेलपाशी उभे असतील, शस्त्रक्रिया ठरलेल्या नसतील, प्रत्येक विभागात एक माणूस टॉर्च घेऊन हजर असेल. रुग्णालयात सगळं एकदम पाडायचं कारणच नाही. एकेक विभाग घ्यायचा, डॉक्टर आणि परिचारिकांना आधी विश्वासात घ्यायचं. कुठला प्लग पर्यायी विजेवर आहे आणि कुठला नाही, हे त्या दिवशी त्यांनाही पहिल्यांदा नीट कळेल.

एक काळजी मात्र घ्या. दीड तासाची पूर्ण चाचणी झाली की बॅटऱ्या रिकाम्या असतात आणि पुन्हा भरायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून ती सुटीच्या आदल्या संध्याकाळी करा, किंवा एकाआड एक दिवे दोन वेगळ्या दिवशी तपासा, म्हणजे इमारत कधीच पूर्ण उघडी पडत नाही. हाच नियम खऱ्या वीजखंडानंतरही लागू आहे आणि तो जवळपास कुणीच पाळत नाही. दुपारी दोन तास वीज नव्हती, संध्याकाळी आली, आणि रात्री खचाखच भरलेला कार्यक्रम सुरू झाला, तर त्या रात्री ते दिवे तुमच्यासोबत नाहीत.

वर्षाच्या मोठ्या चाचणीखेरीज महिन्याला एक छोटी चाचणी ठेवा, प्रत्येक दिवा अर्धा मिनिट. हे काम दुपारभरात होतं. मात्र ते करणाऱ्याला शिडी द्या, वेळ द्या, आणि त्याने 'बंद' असं लिहिलं तर त्याच्यावर चिडू नका. आजवर मी पाहिलेली सर्वांत विश्वासार्ह रजिस्टरं ती होती, ज्यांत दर पानावर दोन-तीन दोष आणि त्यांच्या दुरुस्तीच्या तारखा होत्या. बारा महिने 'सर्व ठीक' असं एकाच शाईने लिहिलेलं दिसलं की मी सगळ्यांत आधी जिन्याचा एमसीबी पाडायला जातो.

आता निकाल दारावर लावण्याबद्दल. तुम्हाला तो अपमान वाटेल. पण आत येणारा माणूस स्वतःचं, सोबतच्या मुलाचं, हात धरून आणलेल्या आईचं सगळं तुमच्यावर सोपवून आत येतो. त्याला एवढंच वाचायला मिळू दे : अमुक तारखेला मेन पाडला, इतके दिवे लागले, इतके लागले नाहीत, इतके दुरुस्त केले, जनरेटरने इतक्या सेकंदांत भार घेतला, पुढची चाचणी अमुक तारखेला. एक साधा कागद. त्यावर चार दोष लिहिलेले असले तरी मी त्या इमारतीत निर्धास्तपणे जाईन. कोरी भिंत असलेल्या इमारतीत मी अजूनही आत शिरल्या शिरल्या जिना कुठे आहे ते आधी पाहून ठेवतो.

तारीख याच महिन्यातली ठरवा. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी विचारून ठेवा : जनरेटरच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, आणि तो माणूस रजेवर असेल तर दुसरी किल्ली कुठे आहे.

आपला,
एक विद्युत तंत्रज्ञ